क्रूझ धरण कशी चढते? लॉकच्या आत नेमकं काय घडतं

नमस्कार मंडळी! नदीवर धरण बांधलं की बोटीची वाट अडलीच, असं आपल्याला वाटतं. पण पोर्तुगालच्या डौरो नदीवर पोर्तोहून निघालेल्या क्रूझ पाच धरणं ओलांडून पार स्पेनच्या हद्दीपर्यंत जातात. वाट काढून देतं ते लॉक, म्हणजे धरणाला लागून असलेला, पुढेमागे दारं असलेला मोठा हौद. त्यात पाणी भरलं की बोट वर चढते. पाचांतलं सगळ्यात उंच लॉक कारापातेलो धरणाचं. तिथे बोट एका दमात ३५ मीटर वर चढते. अकरा-बारा मजले म्हणा ना!

(भिंत अगदी जवळून)

लॉकची रुंदी १२.१ मीटर आणि इथल्या मोठ्या क्रूझची ११.४. दोन्ही अंगांना जेमतेम दीड वीत जागा. ओली, शेवाळलेली भिंत हाताला लागेल इतकी जवळ असते. हात मात्र आतच ठेवा हं, ही मस्करी नाही.

बोट आत आली की मागचं दार बंद. आता पंप सुरू होणार? छे, पाणी चढवायला पंप लागतच नाही! वरच्या जलाशयातलं पाणी झडपांमधून, भुयारी वाटांनी, उताराने आत येतं आणि बोटीला उचलतं. झडपाही हळूहळूच उघडतात, कारण पाणी मुसंडी मारून आलं तर बोट भिंतीवर आदळेल.

आता दोरखंडाकडे बघा. तो बांधलाय तो खुंटा भिंतीच्या खाचेत तरंगतोय, बोटीबरोबर कुरकुरत वर सरकतोय. खुंटा जागेवरच पक्का असता तर दोर सारखा सोडत-आवळत बसावं लागलं असतं.

एका खेपेला पाणी किती लागतं? लांबी ९० मीटर धरली तर साधारण पावणेचार कोटी लिटर. आणि गंमत म्हणजे बोट मोठी असो नाहीतर होडकं, वर चढवायला तेवढंच! शिवाय हे पाणी टर्बाइनला मिळत नाही, त्याची वीज गेलीच. म्हणून छोट्या बोटींना बऱ्याच ठिकाणी सोबत मिळेपर्यंत थांबवतात.

लॉक भरलं की मागच्या दाराच्या तळाशी दर चौरस मीटरला सुमारे ३५ टन दाब असतो. पुढचं दार मात्र दोन्हीकडची पातळी एक झाल्यावरच उघडतं.

युक्ती जुनीच आहे. चीनमध्ये मालाच्या नावा उतरणीवरून ओढून नेताना फुटायच्या, वर माल लुटला जायचा. त्यावर च्याओ वेईयुए या अधिकाऱ्याने ९८४ साली दोन दारांचं लॉक बांधलं. आज त्याच देशात थ्री गॉर्जेस धरणावर पाच लॉकची उतरंड आहे. उंचीतला फरक ११३ मीटरपर्यंत, आणि पार व्हायला तीन-चार तास सहज जातात. २०१६ पासून तिथे जहाजांची लिफ्टही आहे, ती साधारण ४० मिनिटांत काम उरकते. पण मला विचाराल तर लॉकच बरं, तिथे सगळं डोळ्यांदेखत घडतं.

तेव्हा बुकिंग करताना केबिनच्या खिडकीची चौकशी नंतर करा. लॉक दिवसाउजेडी लागणार की रात्री, ते आधी विचारा. आणि वरचा डेक त्या वेळी उघडा असतो का, तेही. कमी उंचीचे पूल आले की तो बंद करतात.