उझुमाकी: वेटोळ्यांनी गिळलेलं गाव

(पडद्यावर: ओलसर भिंत. त्यावर एक गोगलगाय. कॅमेरा हळूहळू तिच्या शंखाजवळ जातो.)

'उझुमाकी' (म्हणजे वेटोळं) या जपानी भयपटातली किरिए गोशिमा ही शाळकरी मुलगी. आपल्या मित्राला, शुइचीला भेटायला ती निघालेली असते. वाटेत तिला शुइचीचे वडील दिसतात. भिंतीपाशी उकिडवे बसलेत, हातात व्हिडिओ कॅमेरा, आणि तो रोखलाय एका गोगलगायीवर. किरिए हाक मारते. त्यांना ऐकूच जात नाही. माणूस तिथे आहे, पण त्याचं सगळं चित्त त्या शंखावरच्या रेषेबरोबर आत-आत फिरत चाललंय.

एवढंच दृश्य. ना रक्त, ना किंकाळी. पण इथून पुढे कुरोउझु नावाच्या या गावात काय होणार आहे, त्याची चाहूल याच दृश्यात लागते.

११ फेब्रुवारी २००० रोजी 'उझुमाकी' जपानमध्ये प्रदर्शित झाला. लांबी दीड तास. दिग्दर्शक हिगुचिन्स्की, म्हणजे अकिहिरो हिगुचि. जन्म युक्रेनमधला, हात बसलेला म्युझिक व्हिडिओंवर, आणि हा त्यांचा पहिलाच मोठा चित्रपट. जानेवारी १९९८ मध्ये 'रिंग'ने जपानी भयपटांना नवं बळ दिलं होतं. त्या लाटेत थोड्या पैशांत झटपट भयपट काढायचे आणि एका तिकिटावर दोन दाखवायचे, असा प्रघात पडला. 'उझुमाकी'सुद्धा जोडीनेच आला. त्याच्या सोबतचा 'तोमिए: रिप्ले' हाही जुंजी इतो यांच्याच मांगावर, म्हणजे जपानी चित्रकथेवर, बेतलेला.

(पडद्यावर: शाईची दौत, निब, कोरा कागद. काळी रेघ वळत जाते.)

जुंजी इतो यांचा जन्म १९६३ चा, गिफू प्रांतातल्या नाकात्सुगावा गावचा. आधी ते कवळ्या आणि कृत्रिम दात बनवणारे तंत्रज्ञ होते. १९८७ मध्ये त्यांच्या 'तोमिए' या कथेचा भयकथांचे मांगाकार कझुओ उमेझु यांच्या नावाच्या स्पर्धेत विशेष उल्लेख झाला, आणि काही वर्षांनी दातांचं काम सुटलं. त्यांच्या चित्रांतला एकेक केस, एकेक सुरकुती पाहिली की तो बारीक कामाचा हात ओळखू येतो.

'उझुमाकी'ची मूळ मांगा १९९८-९९ मध्ये 'बिग कॉमिक स्पिरिट्स' या साप्ताहिकात क्रमशः आली. इतो यांना मुळात एका लांबलचक, चाळवजा जुन्या घराची गोष्ट काढायची होती. घर खूप लांब दाखवायचं, पण कागदावर बसवायचं कसं? तर डासांच्या कॉइलसारखं गुंडाळून. आपल्याकडे घराघरांत जळणारी ही कॉइलही मूळ जपानचीच. एइइचिरो उएयामा यांनी आधी सरळ कांडी काढली होती, ती लवकर विझायची. तिला वेटोळं घालायची कल्पना त्यांच्या पत्नी युकी यांची, १८९५ सालची. लांब वस्तू थोड्या जागेत मावावी, ही युकी यांची युक्ती. इतो यांच्या कागदावर आधी घर, आणि मग अख्खं गावच तिच्यात अडकलं.

जपानी व्यंगचित्रांत वेटोळं गालावर काढतात, हसवायला. तोच आकार वेगळ्या तऱ्हेने काढला तर घाबरवेल, असं इतो यांना वाटलं. माझ्या मते सगळी करामत इथेच आहे. भूत असलं की त्याला काही हवं असतं. सूड हवा असतो, न्याय हवा असतो. ते दिलं की सुटका होण्याची आशा तरी असते. वेटोळ्याला काहीच नको आहे. त्याला शांत करायला कोणता मंत्र म्हणायचा?

(पडद्यावर: फिरणारं कुंभाराचं चाक, नळाखाली भोवरा घेत जाणारं पाणी.)

किरिएचे वडील कुंभार आहेत. शुइचीचे वडील त्यांच्याकडे वेटोळ्याची नक्षी असलेली भांडी मागतात. या गृहस्थांचं काम केलंय रेन ओसुगी यांनी. दिग्दर्शक ताकेशी कितानोंच्या चित्रपटांतला हा भरवशाचा नट इथे आरडाओरडा करत नाही. एखाद्या भक्तासारखा आनंदात असतो, आणि तो आनंद बघवत नाही. मांगामध्ये या माणसाचा शेवट लाकडी टबात होतो. चित्रपटात तो कपडे धुण्याच्या मशीनमध्ये शिरतो. हा बदल मला फार मोलाचा वाटतो. टब जुन्या काळातला, लांबचा. मशीन आपल्याही घरात आहे.

नवऱ्यानंतर बायको. त्याला वेटोळ्याचं वेड, तिला त्याचीच दहशत. ती केस कापून टाकते. मग बोटांच्या टोकांकडे लक्ष जातं, तिथेही रेषांची वेटोळी. आणि मग तिला कळतं, की कानाच्या आत, हाडात, प्रत्येकाच्या एक वेटोळं असतंच. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातली ती आकृती आपण सगळ्यांनी पाहिली आहे. या ठिकाणी चित्रपट मला सर्वांत क्रूर वाटतो, कारण तो खोटं काहीच सांगत नाही.

पैसे कमी आहेत हे दिसतं. गोगलगाय होत जाणाऱ्या मुलाचा मेकअप रबरी वाटतो. संगणकावर केलेल्या काही करामती आज कच्च्या दिसतात. गावाच्या पूर्वेतिहासाचा शोध घेणारा एक धागा सुरू होतो आणि मध्येच तुटतो. तरी हिगुचिन्स्कींनी हाताशी होतं त्यातून भीती उभी केली. सगळ्या चित्रपटावर शेवाळलेल्या पाण्यासारखी हिरवट छटा आहे. चौकटीच्या कडेला क्षणभर काहीतरी फिरतं आणि थांबतं. कथा त्याच्याकडे बोटही दाखवत नाही. स्मशानाच्या धुराड्यातून निघालेला धूर आकाशात वेटोळं घालतो. शाळेतला गोल जिना वरून पाहिला की तोही तसाच. एरिको हात्सुने हिची किरिए या सगळ्यात इतकी साधी आणि मोकळी आहे, की तिच्यासाठी जीव तुटतो.

चित्रपट तयार झाला तेव्हा मांगा संपलेली नव्हती. त्यामुळे शेवट दिग्दर्शकाला स्वतःच करावा लागला. मांगामध्ये गावाखाली काय दडलंय ते उघड होतं, आणि तो उलगडा भव्य आहे. चित्रपटात उलगडा नाही. गाव कोसळत जातं, आणि मग गावकऱ्यांचं काय झालं ते स्थिर छायाचित्रांत एकामागून एक समोर येतं. अनेकांना हा शेवट अर्धवट वाटतो. मला तो पटतो. आपत्ती येऊन गेल्यावर मागे राहतात ते फोटोच, आणि कुठल्याही फोटोत कारण दिसत नाही.

(पडद्यावर: काळ्या-पांढऱ्या रेषा.)

२०२४ मध्ये चार भागांची ॲनिमेशन मालिका आली, इतो यांच्या शाईसारखीच काळी-पांढरी. कथेला ती चित्रपटापेक्षा जवळची आहे. पण यातलं काहीच पाहिलं-वाचलं नसेल, तर सुरुवात २००० सालच्या चित्रपटापासून करा. आधी मांगा वाचली, तर राहून गेलेल्या गोष्टी मोजत बसाल, आणि भिंतीपाशी बसलेल्या ओसुगींकडे हवं तसं लक्षच जाणार नाही.