तांब्यावर कोरलेले डोंगर

नमस्कार मंडळी! आज नकाशांबद्दल बोलूया, मोबाइलमधल्या नाही हं, एकोणिसाव्या शतकातल्या ॲटलासमधल्या. त्यातले कितीतरी आधी तांब्याच्या पत्र्यावर हाताने कोरायचे आणि मग छापायचे, आणि कोरायचं सगळं उलटं, रबरी शिक्क्यावर असतं तसं, किनारा उलटा, नद्या उलट्या, गावांची नावं उलट्या अक्षरांत आणि तीही इतकी बारीक की वाचताना भिंग लागतं. चुकलं तर पत्रा मागून ठोकून तेवढा भाग वर आणायचा, घासायचा, परत कोरायचं. म्हणून एकच पत्रा वर्षानुवर्षं चालायचा, नवी रेल्वे आली की त्यावरच तिची रेघ. जर्मनीत गोथा गावी श्टीलरचा ॲटलास 1817 ला निघायला लागला, तो सुधारून सुधारून शंभर वर्षांच्या वर छापला गेला!

मला वेड लावतात ते डोंगर. लेहमान नावाच्या अधिकाऱ्याने 1799 मध्ये नियम मांडला, पाणी ज्या दिशेने उतरेल त्या दिशेने रेघा मारायच्या आणि चढ जितका खडा तितकी रेघ जाड. म्हणजे नुसत्या काळ्या रेघांमधून उंची दिसते. ‘ॲटलास ऑफ इंडिया’ 1827 पासून लंडनमध्ये कोरला जाऊ लागला, एका इंचात चार मैल, त्यात आपला सह्याद्री बघा, घाटाची कड कोकणाकडे कशी धाडकन तुटते ते त्या रेघांतून लगेच कळतं. पण लंडनच्या कारागिराला ते कळलं कुठून, तर इथल्या मोजणीतून. लॅम्बटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 1802 ला मद्रासजवळ सुरुवात केली, त्याचा थिओडोलाइट (कोन मोजायचं यंत्र) अर्ध्या टनाचा, तो टेकड्यांवर, देवळाच्या गोपुरावरसुद्धा चढवला आपल्याच खलाशांनी, म्हणजे मोजणीवरच्या मजुरांनी. त्यांची नावं नकाशाच्या कोपऱ्यात यायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं.

रंग बरेचदा छपाईनंतर ब्रशने भरायचे, लंडनमध्ये या कामाला बायका आणि लहान मुलं असायची, म्हणून एकाच नकाशाच्या दोन प्रतींत रंग थोडा वेगळा दिसतो. पुढे शिळाछाप, म्हणजे दगडावरून छपाई, आला, रंगीत छपाई आली आणि हे काम कमी होत गेलं.

आणि आपली मुंबई? लॉटन साहेबाने 1865 ते 1872 मध्ये शहर मोजलं, एका इंचात फक्त चाळीस फूट, त्यामुळे गिरगावातली वाडी, गल्ली, घर न घर सुटं दिसतं, आणि आज जिथे मरीन ड्राइव्ह आहे तिथे सरळ समुद्र! एशियाटिक सोसायटीकडेही जुन्या नकाशांचा संग्रह आहे, कधी पाहायला मिळाला तर आधी डोंगर बघा, रंग नंतर.