काट्यावरचा टीव्ही

(दृश्य : पूर्व भागातली गल्ली, सकाळ. मागांचा आवाज.)

सोलापूरच्या पूर्व भागात सकाळ मागांच्या खडखडाटानं होते. त्या आवाजातूनही एक हाक बरोबर कानावर येते : 'भंगाऽऽर! लोखंड, पत्रा, प्लास्टिक...'

हातगाडी दारापुढं थांबते. आतून डबा टीव्ही बाहेर येतो. कधीचा बंद पडलेला, पण टाकवत नव्हता, म्हणून चादर पांघरून कोपऱ्यात ठेवलेला. चादर अर्थात सोलापुरीच.

'एवढेच? घेताना दहा हजार मोजलेत.'

'काच कोण घेतंय, अक्का? आतल्या तांब्याचे तेवढे पैसे.'

तो खोटं बोलत नाही. अडचण तीच आहे.

(दृश्य : भंगाराचं गोदाम. लोंबता काटा.)

पिक्चर ट्यूबच्या मानेवरची तांब्याची कॉइल निघते, सर्किट बोर्ड वेगळा होतो. उरते ती शिसं मिसळलेली काच. तिला गिऱ्हाईक नाही, म्हणून ती कुठल्या तरी नाल्याकाठी पडते. केबल सोलायला वेळ लागतो, पेटवायला लागत नाही. केबलवरच्या जळत्या पीव्हीसी प्लास्टिकच्या काळ्या धुरात डायॉक्सिन नावाचं विष असतं, आणि तो धूर आधी पेटवणाऱ्याच्याच छातीत जातो. जुन्या फ्रीजची नळी कापली की आतला गॅस हवेत. कुलरच्या जळक्या मोटरी मात्र इथं सहसा भंगारात येत नाहीत. सोलापूरचा उन्हाळा पाहता त्या आधी रिवाइंडिंगवाल्याकडे जातात.

कायदा आहे. ई-कचऱ्याच्या, म्हणजे टाकून दिलेल्या विजेच्या नि इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या, १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांत १०६ प्रकारच्या वस्तू आहेत. विकलेल्या मालाच्या प्रमाणात जुना माल पुनर्प्रक्रियेला जाईल, ही जबाबदारी कंपन्यांची. त्यासाठी त्या नोंदणीकृत कारखान्यांकडून पुनर्प्रक्रियेची प्रमाणपत्रं विकत घेतात. म्हणजे या साखळीत पैसा आहे. फक्त तो या काट्यापर्यंत उतरत नाही. नोंदणी आहे ती उत्पादकांची, कंपन्यांची, दुरुस्ती करून विकणाऱ्यांची आणि पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांची. हातगाडीवाला यात कुठंच नाही.

आणि आपण काय करतो? ई-कचऱ्याची एक पेटी ठेवतो, फलक लावतो. लोकांनी टीव्ही रिक्षात घालून तिथं न्यावा आणि फुकट द्यावा, अशी अपेक्षा. दारात येऊन रोख देणारा माणूस असताना हे कोण करेल? ५ जूनला, पर्यावरण दिनी, फोटो निघतात, पण माळे रिकामे होतात दिवाळीच्या तोंडावर.

गोळा करणारी माणसं शहराकडे आधीच आहेत. त्यांच्याकडून अख्खा टीव्ही, काचेसकट, तांब्यापेक्षा चार पैसे जास्त देऊन घेतला, तर तो कोण कशाला फोडेल? त्यासाठी प्रत्येक भागात एखादी शेड हवी, खरा काटा हवा, रोख पैसे हवेत आणि माल भरला की नोंदणीकृत कारखान्याकडे जाणारा टेम्पो हवा. मिश्र कचऱ्यातला ई-कचरा वेगळा काढून पुढं पाठवणं नियमांनी महापालिकेकडे दिलंच आहे. मोडतोड करणाऱ्या कामगारांची नोंद आणि प्रशिक्षणही राज्याच्या कामगार विभागाकडे आहे.

(दृश्य : संध्याकाळ. गोदामाच्या दारात तोच टीव्ही.)

काट्यावर टीव्ही चढतो. मालक वजन बघतो, वहीत काहीतरी लिहितो आणि पोराला हातोडी आणायला सांगतो.