फेरफारच्या आकड्यांवरून पणजोबांपर्यंत

निवेदन:

पणजोबांचं नाव सरकारी दप्तरात शोधायचं असेल, तर आधी त्यांची जमीन शोधा. महसूल खात्याचं जुनं दप्तर गाव आणि जमिनीचा नंबर यांवर लावलेलं असतं. नुसतं नाव हातात असून तिथे फारसं पुढे जाता येत नाही.

(पडद्यावर: सातबाराचा उतारा)

सुरुवात आजच्या संगणकीकृत सातबारापासून करावी. खातेदाराच्या नावापुढे कंसात एक आकडा असतो. तो फेरफाराचा क्रमांक, म्हणजे हे नाव कोणत्या नोंदीने इथे आलं त्याचा पत्ता. उताऱ्यावर ‘जुने फेरफार क्र.’ अशी आणखी एक जागा असते. तिथले सगळे आकडे वहीत उतरवून घ्या. पुढचा सारा शोध त्यांच्यावरच चालतो.

आता महाभूमीच्या, म्हणजे सरकारच्या जमीन नोंदींच्या संकेतस्थळावरचं ‘आपले अभिलेख’ उघडा; जुन्या नोंदवह्यांची स्कॅन केलेली पानं तिथे असतात. जिल्हा, तालुका, गाव, मग अभिलेखाचा प्रकार आणि क्रमांक, या क्रमाने जायचं. गाव सापडलं नाही तर जुना तालुका आणि जुना जिल्हाही पाहा. नंदुरबार 1998 पर्यंत धुळ्यात होतं, पालघर 2014 पर्यंत ठाण्यात. जुन्या नोंदवहीवर तेव्हाचंच नाव असतं.

(पडद्यावर: हस्तलिखित फेरफार नोंदवही, गाव नमुना 6)

फेरफार म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या प्रत्येक बदलाची नोंद. खरेदी, गहाण, वाटप, कर्जाचा बोजा असं सगळं त्यात येतं. वंशावळीसाठी मोलाची असते ती वारसनोंद. खातेदार मयत, तारीख अमुक, वारस पत्नी आणि मुलगे, असा मजकूर असतो. म्हणजे एकाच नोंदीत दोन पिढ्या आणि मृत्यूची तारीख हाती येते. त्या नोंदीत जो मयत आहे, तो खातेदार कधी झाला ते सांगणारा आधीचा फेरफार शोधायचा, की आणखी एक पिढी मागे जाता येतं.

नोंदी वाचताना काही खुणा ठाऊक हव्यात. ‘राघू बिन गणू’ म्हणजे गणूचा मुलगा राघू. काही ठिकाणी ‘बिन’ऐवजी ‘वलद’ येतं. ‘सखू कोम राघू’ म्हणजे राघूची बायको. नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असेल, तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. इथे घाई करू नका. जमीन एका भावाच्या नावावर दिसते आणि बाकीचे भाऊ त्या नोंदीत येतच नाहीत. ते पुढच्या वाटपाच्या फेरफारात सापडतात. ‘अज्ञान’ असा शेरा असेल, तर मूल तेव्हा वयात आलेलं नव्हतं. यावरून जन्मसालाचा अंदाज बांधता येतो.

बायकांची नावं ‘इतर हक्क’ या रकान्यात जरूर पाहा. विधवा आणि मुली यांना बरेचदा तिथेच टाकलेलं असतं. हा रकाना वगळून केलेल्या वंशावळीत घरातली निम्मी माणसं राहून जातात, आणि पणजीचं नाव कायमचं हरवतं.

सर्वाधिक घोळ होतो तो गट नंबरामुळे. 1947 च्या कायद्याखाली गावोगाव एकत्रीकरण योजना, म्हणजे शेताचे विखुरलेले तुकडे एकत्र करायची योजना, राबवली गेली आणि सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजचा गट नंबर घेऊन 1930 सालची नोंद शोधली, तर दुसऱ्याच कुणाच्या शेतात जाऊन पोहोचाल. जुन्या आणि नव्या नंबरांचा मेळ एकत्रीकरणाच्या उताऱ्यावर मिळतो. तो ऑनलाइन नसेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख उपअधीक्षकांकडे मागावा.

दुसरा घोळ नावांचा. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत असल्यामुळे राघू बिन गणू, गणू बिन राघू, पुन्हा राघू बिन गणू अशी रांग लागते. दोन राघू एक समजले की एकदम दोन पिढ्या गळतात. म्हणून प्रत्येक नावापुढे फेरफार क्रमांक आणि साल लिहिल्याशिवाय ते वंशावळीत घेऊ नये.

नाव 1957 च्या सुमाराला सातबारावरून एकाएकी गेलं असेल, तर कूळकायदा आठवा. 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन; त्या दिवसापासून मुंबई राज्याच्या कूळकायद्याखाली कुळं, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारे, मालक ठरली. घराणं कुळाचं असेल, तर उलट याच सुमाराला त्याचं नाव कब्जेदार म्हणून वर येतं.

मराठवाड्यात वाट वेगळी आहे. निजामाच्या राज्यातलं दप्तर बरंचसं उर्दूत, आणि सालं फसली, म्हणजे महसुलासाठी वापरलेल्या वेगळ्या कालगणनेतली. फसली 1330 म्हणजे इसवी सन 1920-21. फसलीत 590 मिळवायचे. तिथे 1954 च्या सुमाराचं खासरा पत्रक, म्हणजे कोणती जमीन कुणाच्या ताब्यात याची नोंद, हा पहिला टप्पा धरावा.

मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा 1903 चा. त्या सुरुवातीच्या काळातलं क-ड-ई पत्रक, म्हणजे हक्कनोंदीचा जुना तक्ता, मिळालं, तर ते बहुधा मोडीत असतं, तेव्हा मोडी वाचणारा जाणकार गाठा. त्याला उताऱ्याचा तुकडा कापून देऊ नका, पूर्ण पान द्या. रकान्यांचे मथळे दिसले नाहीत तर जाणकारही चुकतो.

जमीन नसलेल्या घरांसाठी गाव नमुना 14, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही, हाच आधार. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुधा नसतं. बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी आणि तारीख, एवढ्यावर ओळख पटवावी लागते. या नोंदवह्यांत जातीचा रकाना असल्यानेच जात पडताळणीत त्या मागितल्या जातात. अशा कामाला पडद्यावरून काढलेला फोटो चालत नाही. डिजिटल स्वाक्षरीची प्रत घ्या, किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करा. अर्जात गाव, अभिलेखाचा प्रकार, नोंद क्रमांक आणि साल हे चारही लिहा.