एक जुलै आणि म्हातारपणची बेगमी

(पुण्यात ज्येष्ठ मंडळींपुढे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात मेट्स नावाचा बेसबॉल संघ आहे. आज मी त्या संघाबद्दल कमी आणि त्याच्या चाहत्यांबद्दल जास्त बोलणार आहे. माझी नोकरीची सगळी वर्षं क्वीन्समध्ये गेली, काम हिशेबाचं होतं, आणि संध्याकाळ मोकळी असली की मी सात नंबरची लोकल पकडून स्टेडियमवर जायचो. त्या लोकलचं शेवटचं स्टेशन फ्लशिंग. तिथल्या बोन स्ट्रीटवर गणपतीचं देऊळ आहे, त्यामुळे आपली मंडळी त्या गाडीला चांगली ओळखतात. स्टेडियम त्याच्या अलीकडच्या स्टेशनावर.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. बेसबॉलचा एक संघ एका हंगामात १६२ सामने खेळतो. मार्चअखेर सुरुवात, सप्टेंबरअखेर शेवट. म्हणजे सहा महिने जवळजवळ रोज सामना. आपल्याकडे भारत-पाकिस्तान सामना असला की सगळं घर टीव्हीसमोर बसतं, तसं तिकडे होत नाही. रोजच्या सामन्याचं कौतुक ते किती करणार? तो रोजच्या जेवणासारखा असतो. समोर खेळ चालू असतो आणि तोंडानं वेगळंच काही चालू असतं. बॉल टाकून झाला की पुढचा बॉल येईपर्यंत पंधरा-वीस सेकंद जातात, इनिंग बदलताना दोन-अडीच मिनिटं. २०२३ साली बॉल टाकायला घड्याळ लावलं आणि सामना चोवीसेक मिनिटांनी आटोपशीर झाला. तरुणांना ते आवडलं. माझ्या आसपासची म्हातारी मंडळी मात्र खट्टू झाली, कारण त्यांच्या गप्पांचा वेळ कापला गेला होता.

गप्पा कसल्या? तीनच विषय. संघ, तब्येत आणि रिटायरमेंटचे पैसे. मला सुरुवातीला वाटायचं, हे तीन वेगळे विषय आहेत आणि लोक एकावरून दुसऱ्यावर उड्या मारतायत. पुढं कळलं की प्रश्न एकच आहे. किती काळ टिकायचं आहे, आणि त्यासाठी आज हातचं किती राखून ठेवायचं?

मेट्सचा इतिहासही असा की माणूस आपोआप काळजी करायला शिकतो. १९६२ साली संघ जन्माला आला आणि पहिल्याच हंगामात १२० सामने हरला. १९६९ साली कुणाच्या ध्यानीमनी नसताना विजेता झाला. १९८६ साली पुन्हा. त्यानंतर आजतागायत नाही. २००७ साली सतरा सामने उरले असताना सात सामन्यांची आघाडी होती, तीही घालवली. त्यामुळे मेट्सवाला आघाडीवर असताना जास्त अस्वस्थ असतो. पैशाच्या बाबतीतही त्याचं तसंच. बाजार चढला की म्हणणार, आता काहीतरी होणार.

माझ्या रांगेत दोघं जण नेहमीचे. एक सबवेवर मोटरमन म्हणून निवृत्त झालेला, दुसरा हार्डवेअरच्या दुकानात अजून काम करणारा. नावं सांगत नाही. मोटरमनला नोकरीची बांधलेली पेन्शन. दुकानवाल्याकडे फक्त फोर-ओ-वन-के. हे खातं वरवर आपल्या पीएफसारखं, पगारातून कापून जातं, पण मोठा फरक आहे. व्याजाची हमी कुणी देत नाही. पैसे कुठल्या फंडात घालायचे ते तुम्ही ठरवायचं, बाजार पडला तर नुकसान तुमचं, आणि साडेएकोणसाठच्या आत काढले तर कर भरायचाच, शिवाय काढलेल्या रकमेवर दहा टक्के दंड. १९७८ च्या एका कायद्यातल्या कलमावरून हे नाव पडलं. त्या कलमानं अमेरिकेतल्या खाजगी नोकरदारांचं म्हातारपण कंपनीच्या खांद्यावरून उचलून त्यांच्या स्वतःच्या खांद्यावर ठेवलं. माझं स्पष्ट मत आहे की हा बदल सामान्य माणसाच्या हिताचा झाला नाही.

हे दोघं तब्येतीचं कधी सरळ बोलायचे नाहीत. खेळाडू जखमी झाला की त्याला ‘इंज्युअर्ड लिस्ट’वर टाकतात, दहा दिवस, पंधरा दिवस, साठ दिवस. मोटरमन एकदा तीन आठवडे दिसला नाही. आल्यावर दुकानवाल्यानं विचारलं, “काय रे, कुठल्या लिस्टवर होतास?” तो म्हणाला, “आधी पंधराच्या, मग साठच्या टाकणार होते, पण सुटलो.” स्टेंट बसवला होता. एवढ्यावर तो विषय संपला, पण त्या दिवशी दुकानवाल्यानं त्याला जिना चढू दिला नाही, दोघं लिफ्टनं गेले. आपल्याकडे पुरुष माणसं दुखणं लपवतात तशी तिकडेही लपवतात. संघाच्या भाषेचा आडोसा मिळाला की तोंड उघडतं. असा आडोसा असणं फार मोलाचं आहे.

आता एक जुलै. दर वर्षी या तारखेला मेट्सचे चाहते एकमेकांना शुभेच्छा देतात, कारण त्या दिवशी संघ बॉबी बोनिया नावाच्या माजी खेळाडूला ११,९३,२४८ डॉलर देतो. २००१ साली निवृत्त झालेल्या माणसाला! २०११ ला हप्ते सुरू झाले, २०३५ पर्यंत चालणार, एकूण पंचवीस. शेवटचा हप्ता घेताना बोनिया ७२ वर्षांचा असेल.

झालं काय, तर १९९९ च्या हंगामात तो अगदी सुमार खेळला. संघाला तो नको होता, पण करारानुसार त्याचे ५९ लाख डॉलर द्यायचे होते. त्याचा एजंट डेनिस गिल्बर्ट मूळचा विमा व्यवसायातला. त्यानं सांगितलं, आत्ता देऊ नका, पुढं द्या, पण आठ टक्के व्याजानं. मी हिशेबाचा माणूस, म्हणून हे गणित तुमच्यापुढे मांडतोच. ५९ लाखांना आठ टक्के चक्रवाढीनं अकरा वर्षं ठेवलं की साधारण १ कोटी ३७ लाख होतात. त्या रकमेतून दरसाल एक हप्ता काढायचा आणि उरलेल्यावर आठ टक्के चालू ठेवायचे, तर पंचवीस वर्षं पुरेल असा हप्ता बरोबर ११ लाख ९३ हजारांचा बसतो. सगळे हप्ते मिळून जवळजवळ तीन कोटी. वर्तमानपत्रं याला मेट्सचा मूर्खपणा म्हणतात. पण त्या वर्षी जे पैसे वाचले त्यांचा आधार घेऊन संघ उभा राहिला, माइक हॅम्प्टन हा गोलंदाज आणला गेला, संघ २००० साली अंतिम मालिकेत पोचला. हॅम्प्टन सोडून गेला त्याची भरपाई म्हणून संघाला नव्या खेळाडूंमधून एक जादा खेळाडू निवडायची संधी मिळाली, आणि त्या निवडीतून डेव्हिड राइट आला, पुढं तोच संघाचा कर्णधार झाला. आठ टक्क्यांना संघानं मान्यता दिली त्याचं कारण मात्र वेगळं होतं. तेव्हा संघाची निम्मी मालकी विल्पॉन कुटुंबाकडे होती. त्यांचे पैसे लोकांचे पैसे गुंतवतो म्हणणाऱ्या बर्नी मॅडॉफकडे होते आणि तिथला कागदावरचा परतावा आठाच्या वर दिसत होता. डिसेंबर २००८ मध्ये मॅडॉफला अटक झाली, आणि तो परतावा कधी अस्तित्वातच नव्हता हे जगाला कळलं.

२००८ चा तो सप्टेंबर माझ्या रांगेत कुणी विसरलेलं नाही. पंधरा तारखेला लेहमन ब्रदर्स ही मोठी गुंतवणूक बँक बुडाली. अठ्ठावीस तारखेला जुन्या शे स्टेडियममधला शेवटचा सामना मेट्स हरले आणि सलग दुसऱ्या वर्षी अगदी शेवटच्या दिवशी स्पर्धेतून बाहेर पडले. त्या वर्षात अमेरिकी शेअर बाजाराचा एस अँड पी ५०० निर्देशांक ३८ टक्क्यांहून जास्त घसरला. पुढच्या एप्रिलला नवं स्टेडियम उघडलं, त्यावर सिटी बँकेचं नाव. नावासाठी वीस वर्षांचे चाळीस कोटी डॉलर ठरलेले, आणि तीच बँक सरकारी मदतीवर उभी होती. दुकानवाल्यानं तेव्हा सांगितलं की फोर-ओ-वन-केच्या स्टेटमेंटची पाकिटं तो उघडतच नाही, फ्रिजवर ठेवून देतो. मोटरमननं त्याला समजावलं नाही, धीरही दिला नाही. एवढंच म्हणाला, “विकू नकोस. एप्रिलमध्ये कुणी हंगाम सोडतं का?” दुकानवाला थांबला. घाबरून विकलेल्या कित्येकांपेक्षा तो सुस्थितीत राहिला.

बोनियाचा उपयोग पुढं आहे. अमेरिकेत सरकारी सोशल सिक्युरिटी असते, म्हणजे म्हातारपणी सरकारकडून दरमहा मिळणारी रक्कम. १९६० किंवा नंतर जन्मलेल्यांना पूर्ण रक्कम ६७ व्या वर्षी. ६२ लाच घेतली तर तीस टक्के कमी. आणि ६७ नंतर थांबलात, तर सत्तरीपर्यंत दर वर्षाला आठ टक्के वाढ. इथं चक्रवाढ नाही, पण आकडा तोच, आठ! स्टँडमध्ये लोक एकमेकांना विचारतात, “तू बोनिया करणार का?” म्हणजे थांबणार का?

हे ठरवायचं तर हिशेब सोपा आहे. ६७ ऐवजी ७० ला सुरू केलं तर तीन वर्षांचे पैसे सोडावे लागतात, पुढं दरमहा चोवीस टक्के जास्त मिळतात, आणि सोडलेले पैसे भरून निघायला साडेबारा वर्षं लागतात. म्हणजे साडेब्याऐंशीच्या पुढं जगलात तर फायदा. आता साडेब्याऐंशीच्या पुढं जगणार का, हा प्रश्न कोण कुणाला विचारणार? म्हणून मग वडील कितव्या वर्षी गेले, शुगर किती, गुडघा बदलला तेव्हा डॉक्टर हृदयाबद्दल काय म्हणाले, हे सगळं ओघात येतं. स्टेंटवाला थांबू नको म्हणतो, ज्याची आई नव्वदीची आहे तो थांब म्हणतो. बायको वयानं लहान असेल तर आणखी एक मुद्दा असतो, नवऱ्यामागं तिला त्याचीच वाढलेली रक्कम मिळते. हा मुद्दा लोक विसरतात, आणि माझ्या मते थांबण्याचं सगळ्यात सबळ कारण तेच आहे.

राखून ठेवण्याची उलटी बाजूही याच मैदानानं दाखवली. एक जून २०१२. मेट्सच्या एकाही गोलंदाजानं तोवर ‘नो-हिटर’ टाकला नव्हता, म्हणजे समोरच्या संघाला अख्ख्या सामन्यात एकही हिट मिळू दिला नाही, असं कधी घडलं नव्हतं. एक्कावन्नावा हंगाम चालू होता. योहान सँताना खांद्याच्या शस्त्रक्रियेतून उठून आलेला. व्यवस्थापक टेरी कॉलिन्सनं ठरवलेली मर्यादा साधारण ११५ बॉलची. सँतानानं त्या रात्री १३४ टाकले आणि नो-हिटर पुरा केला. कॉलिन्स सामन्यानंतरही खूश नव्हता, अस्वस्थ होता. ऑगस्टनंतर सँताना मोठ्या लीगमध्ये पुन्हा कधी खेळला नाही. ते त्या १३४ बॉलमुळेच झालं असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही, खांदा आधीच फाटलेला होता. पण माझ्या रांगेत यावर आजही दोन तट आहेत. मोटरमन म्हणतो, त्याला मध्येच बाहेर काढायला हवं होतं. दुकानवाला म्हणतो, काही गोष्टींसाठीच तर साठवायचं असतं. मी दुकानवाल्याच्या बाजूचा. सत्तरीपर्यंत फक्त साठवत राहिलेले आणि मग खर्च करायला गुडघेच न उरलेले लोक मी हिशेबाच्या कामात खूप पाहिले.

शेवटी ज्या मुद्द्यासाठी मी आज उभा राहिलो त्याकडे येतो. बेसबॉल खेळाडूंचा पहिला संप कशासाठी झाला, ठाऊक आहे? पगारासाठी नव्हे. १९७२ च्या एप्रिलमध्ये, मार्व्हिन मिलर यांच्या नेतृत्वाखाली, पेन्शन फंडासाठी. ८६ सामने रद्द झाले आणि मालकांनी फंडात भर घातली. पुढं १९८० साली नियम बदलला. पूर्वी पेन्शनला मोठ्या लीगमधली चार वर्षांची नोंद लागायची, आता ४३ दिवस पुरतात. पण हा नियम मागच्यांना लावला नाही. १९८० आधी तीन-साडेतीन वर्षं खेळलेला माणूस कोरडा राहिला. २०११ मध्ये अशांना वर्षाला जास्तीत जास्त १०,००० डॉलर देण्याचं ठरलं, २०२२ मध्ये त्यात पंधरा टक्के वाढ झाली. ही पेन्शन नव्हे. माणूस गेला की बायकोच्या हाती काही येत नाही.

माझ्या रांगेतल्या लोकांना त्यातल्या कित्येकांची नावं पाठ आहेत, त्यांच्या लहानपणीचे खेळाडू ते. आज त्यातले बहुतेक सत्तरीच्या पुढं आहेत आणि दर वर्षी कमी होतायत. एकेका खेळाडूशी सत्तर-शहात्तर कोटी डॉलरचे करार होणाऱ्या खेळात एवढ्या थोड्या लोकांना पूर्ण पेन्शन देणं अवघड नाही. द्यायला हवी, आणि त्यांच्यामागं त्यांच्या बायकांनाही मिळायला हवी. खेळाडूंची संघटना आणि मालक यांच्या पुढच्या करारात हे आलं पाहिजे, असं मोटरमन आणि दुकानवाला दोघंही म्हणतात. या एका गोष्टीवर त्यांचं एकमत आहे, आणि माझंही.