स्विचचा अंदाज आणि चुकीची किंमत

श्रोतेहो, पोकेमॉनच्या स्पर्धात्मक लढतीत दोन्ही खेळाडू आपापली चाल एकमेकांना न दाखवता ठरवतात आणि स्विच, म्हणजे मैदानातला पोकेमॉन मागे घेऊन संघातला दुसरा पुढे आणणे, हल्ल्यांच्या आधी अमलात येतो. त्यामुळे एकासाठी योजलेला घाव भलत्याच्याच अंगावर पडतो. हा स्विच आधी ओळखणाऱ्याला मनकवडा म्हणून डोक्यावर घेण्याची पद्धत आहे. ती मला पटत नाही. अंदाज बांधण्याआधी तो चुकला तर काय जाईल, याचा हिशेब मांडावा. इथे लातुरात नीटची तयारी करणाऱ्या मुलांना हे वेगळे सांगायला नको: बरोबर उत्तराला 4 गुण मिळतात, चुकले की 1 जातो, म्हणून कोणता प्रश्न सोडून द्यायचा हेही ती शिकतात.

या व्हिडिओ गेमच्या चौथ्या पिढीतली, म्हणजे 2006 साली जपानमध्ये आलेल्या डायमंड आणि पर्ल या आवृत्त्यांच्या काळातली, एक स्थिती घेऊ. आपला स्टार्मी मैदानात आहे, समोर प्रतिस्पर्ध्याचा ग्यॅराडोस आणि त्याच्या राखीव फळीत गार्चॉम्प. ग्यॅराडोसला थंडरबोल्ट हा विजेचा हल्ला चौपट लागतो, पण जमीन प्रकाराचा गार्चॉम्प आत आला तर विजेचा परिणाम शून्य. आइस बीम हा बर्फाचा हल्ला गार्चॉम्पला चौपट लागतो, ग्यॅराडोसला मात्र साधाच. आपण आइस बीम मारला आणि ग्यॅराडोसने जागेवर थांबून ड्रॅगन डान्स केला, तर त्याचा हल्ला आणि वेग दीडपट होतात, तो स्टार्मीच्या आधी चाल करू लागतो, आणि पुढचा थंडरबोल्ट मारायला स्टार्मी उरेलच असे नाही. त्याच्याकडे ड्रॅगन डान्स नसेल, तर हाच चुकलेला अंदाज बराच स्वस्तात सुटतो.

मग तो थांबेल की जाईल? त्याच्या बाजूला स्टेल्थ रॉक, म्हणजे आत येणाऱ्या प्रत्येक पोकेमॉनला इजा करणारे दगड, पसरलेले असतील, तर आत येताना गार्चॉम्पच्या एकूण बळाचा फक्त सोळावा भाग जातो, पण पुढे कधी ग्यॅराडोसला परत आणायचे म्हटले तर त्याचा चौथा भाग जाईल. बळ पावाच्या आत आलेला ग्यॅराडोस परत येताच कोसळणार, म्हणून जाणता खेळाडू त्याला मागे घेण्याऐवजी बहुधा तिथेच कामी आणतो. अशा वेळी गार्चॉम्पची वाट पाहत आइस बीम मारणे ही हुशारी नव्हे, हौस आहे.

अर्थात दर वेळी एकच निवड करणारा लवकरच ओळखला जातो. अशा दोघांच्या खेळात चाली ठरावीक प्रमाणात मिसळून आपला किमान लाभ राखता येतो, हे गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी 1928 सालीच सिद्ध केले होते.

पळ काढण्याची किंमतही पिढीगणिक बदलली आहे. चौथ्या पिढीत स्टार्मीला मागे घेताना समोरच्या टायरानिटारकडे पर्स्यूट असेल का, याची धास्ती असे, कारण त्या हल्ल्याची 40 ही ताकद स्विच करणाऱ्यावर दुप्पट होऊन आधीच आदळते. 2019 च्या स्वोर्ड आणि शील्डपासून पर्स्यूट वापरता येत नाही, त्यामुळे त्या जुन्या लढती पाहून बसवलेले आडाखे आजच्या खेळात जसेच्या तसे लावता येत नाहीत.