ड्वार्फला अंधारात दिसतं

सहा बाजूंचे तीन फासे, सहा वेळा. पहिली बेरीज ताकदीची, दुसरी बुद्धीची, मग शहाणपण, काटकपणा, चपळाई आणि शेवटी करिश्मा. आकडे पडतील त्याच क्रमाने लिहायचे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून, एकेक काल्पनिक पात्र होऊन खेळायचा खेळ आला तेव्हा पात्र असं जन्माला यायचं. तुमच्या डोक्यात जादूगार असला आणि बुद्धी पडली ६, तर मनातलं मनातच ठेवायचं.

तीन फासे २१६ तऱ्हांनी पडू शकतात. त्यांतल्या एकाच तऱ्हेने १८ येतात, आणि पाव वेळा १० नाहीतर ११. म्हणजे बहुतेक वीर आपल्यासारखेच बेताचे. १९७८च्या नियमांत पॅलाडिन, म्हणजे धर्मयोद्धा, व्हायला करिश्मा किमान १७ लागायचा. तीन फाशांवर तो ५४ वेळा टाकून एकदा मिळणार, त्यामुळे पॅलाडिन टेबलावर आला की बाकीचे जरा सावरून बसायचे. पुढे चार फासे टाकून सगळ्यांत लहान वगळायची पद्धत रुळली आणि सरासरी १०.५वरून १२.२४वर गेली. वीर सुधारले, गंमत थोडी कमी झाली. हे माझं मत. निम्मं सभागृह आत्ताच मान हलवतंय, दिसतंय मला.

आता रेस, म्हणजे पात्राचा वंश. सुरुवातीला माणूस, ड्वार्फ (जमिनीखाली राहणारे बुटके, दणकट), एल्फ (टोकदार कानांचे, दीर्घायुषी) आणि हॉबिट (टोल्किनच्या कादंबऱ्यांतले ठेंगणे लोक) असे चारच पर्याय होते. नावाच्या हक्कांच्या भानगडीत हॉबिटचं लवकरच हाफलिंग झालं. ड्वार्फला जादूपासून जास्त संरक्षण, जमिनीखालचे सापळे आणि उतार ओळखण्याची हातोटी. माणसाला यातलं काही नाही. मग तोल साधायचा कसा? ड्वार्फ फक्त योद्धाच होणार आणि सहाव्या लेव्हलला अडकणार, हॉबिट चौथ्याला. माणसाला मर्यादा नाही. गायगॅक्स यांना जग माणसांचंच राहायला हवं होतं, हे त्यामागचं उघड कारण. पण सौदा फसवा होता. फायदा पहिल्या दिवसापासून हातात आणि वसुली कधीतरी पुढे. बरेचसे खेळ तिथवर पोचतच नाहीत, म्हणजे वसुली होतच नाही. आणि पोचलेच, तर एक खेळाडू जागच्या जागी थांबतो आणि बाकीचे पुढे निघून जातात.

१९८१च्या बेसिक संचात तर रेस हाच क्लास, म्हणजे पात्राचा पेशा (योद्धा, जादूगार वगैरे), होता. एल्फ म्हणजे एल्फ: तलवारही चालवणार, मंत्रही टाकणार, वेगळा क्लास निवडायचाच नाही. यावर लोक हसतात. मला मात्र ती आवृत्ती आवडते, कारण तिथला एल्फ दोन ओळींत डोळ्यांसमोर उभा राहतो.

२०००च्या तिसऱ्या आवृत्तीने लेव्हलची मर्यादा काढून टाकली. रेस आणि क्लासची हवी ती जोडी जमवा. बंधन गेलं, पण आकड्यांचे बोनस राहिले. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत हाफ-ऑर्कला (अर्धा माणूस, अर्धा राक्षसी ऑर्क) ताकदीत २ आणि काटकपणात १ जास्त मिळायचा. ताकदीतले २ म्हणजे फाशावरच्या बेरजेत १. वीस बाजूंच्या फाशावर ही एक बाजू झाली, ५ टक्के. एवढ्यासाठी हाफ-ऑर्क जादूगार कोणी घेईना, आणि घेतलाच तर 'वाया घालवलास' हे ऐकून घ्यावं लागायचं. २०२०मध्ये हे बोनस हवे तिथे हलवायची मुभा मिळाली. २०२४च्या पुस्तकात ते पात्राच्या पूर्वायुष्याकडे गेले, रेसच्या जागी स्पीशीज आलं, आणि दहा जणांच्या यादीत ऑर्क आला पण हाफ-ऑर्क आणि हाफ-एल्फ राहिले नाहीत. ते दोघे वगळल्याचं अनेकांना वाईट वाटलं, मलाही. बोनस हलवल्याचं मात्र काडीचंही नाही. त्या आकड्याने एल्फबद्दल काहीच कळत नव्हतं.

मग कळतं कशाने? चौघांची पार्टी, म्हणजे एकत्र निघालेली टोळी, घ्या: ड्वार्फ, एल्फ, टीफ्लिंग (सैतानी वंशाचा, शिंगंवाला) आणि एक माणूस. समोर बोगदा. २०२४च्या नियमांत ड्वार्फला अंधारात १२० फुटांपर्यंत दिसतं, पण सगळं करड्या छटांत. लाल खटका कुठला आणि हिरवा कुठला, ते त्याला सांगता येणार नाही. शिवाय त्याच्यासाठी मिट्ट काळोख म्हणजे अंधूक उजेड, त्यामुळे बारीकसारीक हेरताना तोही चुकण्याची शक्यता जास्त. माणसाला तर स्वतःचा हात दिसत नाही. मशाल पेटवली तर तासभर २० फूट लख्ख आणि पुढचे २० फूट अंधूक दिसेल; आणि बोगद्याच्या टोकाला जो कोणी बसलाय त्याला तुम्ही आल्याचं कळेल. अंधारात दिसणारे बाकीचे तिघं म्हणतात, विझव. चौथा म्हणतो, मग मला हाताला धरून न्या. मशाल धरायची तर त्याचा एक हात अडकला, ढाल गेली. इथे कोणालाही 'जरा भूमिकेत शिरा' असं सांगावं लागत नाही, भांडण आपोआप सुरू होतं.

एल्फचंही तसंच. बाकीच्यांना पूर्ण विश्रांतीला आठ तास लागतात, त्याला ध्यानात चार पुरतात. म्हणजे रोज रात्री एक पात्र चार तास जास्तीचं जागं, आणि बाकीच्यांच्या थैल्या उघड्यावर. चांगला डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) त्याला विचारतोच, 'तू काय करतोयस?'

गर्प्ससारख्या, १९८६पासूनच्या, दुसऱ्या एका खेळाच्या पद्धतीत रेस हा गुणदोषांचा गठ्ठा असतो: गुण पॉइंट देऊन विकत घ्यायचे, दोष घेतले की पॉइंट परत. हिशेब चोख. पण खेळाडू असा दोष निवडतो, जो खेळात कधी आडवाच येणार नाही. १९७७च्या ट्रॅव्हलर या अंतराळातल्या खेळात तर पात्र नोकरीची वर्षं मोजता मोजता, खेळ सुरू होण्याआधीच मरू शकायचं. त्यावर स्वतंत्र व्याख्यान होईल.

तुमच्यातले बरेच जण स्वतःची रेस लिहिता, म्हणून सांगतो. आधी बोनस ठरवू नका. ही रेस टेबलावर आली की बाकीच्या तिघांना काय वेगळं करावं लागेल, ते लिहा. पाचव्या आवृत्तीतले ग्रंग बघा, बेडकांसारखे छोटे जीव. दिवसातून तासभर पाण्यात बुडून राहिले नाहीत, तर दिवस संपताना ते थकून जातात. असा एक जण पार्टीत असला की किती मैल चालायचं, हे प्रत्येक मुक्कामाला पाणी बघून ठरतं, आणि वाळवंटाचा नकाशा काढताना डीएमला विहिरी आधी मांडाव्या लागतात.